पत्ता : भोन

जपानमधल्या ऱ्योझेनजी विहाराच्या आवारातल्या दुकानात बाईंनी पांढऱ्या कागदी पट्ट्यांची एक गड्डी माझ्यासमोर ठेवली आणि वर पेन ठेवलं. वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी. जपानी भाषेत तिला ओसामेफुदा म्हणतात. तिच्यावर तारीख, नाव, गाव आणि मनातली इच्छा लिहायची आणि प्रत्येक विहारात पेटीत टाकायची. एका विहाराला दोन पट्ट्या लागतात, एक मुख्य सभागृहासाठी आणि एक तिथल्या थोर आचार्यांच्या दालनासाठी. मी बाकड्यावर बसून लिहायला लागले. नावापर्यंत पेन सरळ चाललं. गावापाशी थांबलं. माझं घर बुलढाणा शहरात आहे, आधार कार्डावरही तेच गाव आहे. तरी हातानं देवनागरीत लिहिलं : भोन, तालुका संग्रामपूर. इच्छेच्या जागी लिहिलं : स्तूप पाण्याखाली जाऊ नये.

अशा वीस पट्ट्या लिहिल्या. दहा विहार पायी करायचे होते.

ज्यांनी भोन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेगावच्या स्टेशनावर उतरून उत्तरेला निघालं की पूर्णा नदी ओलांडावी लागते. पलीकडे काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, आणि दूर सातपुड्याची निळी रेघ. पूर्णेच्या उजव्या काठावर भोन आहे. माझं माहेर त्याच काठावर थोड्या अंतरावर. आम्ही पोरं पूर ओसरला की दरडीखाली जायचो, कारण पाण्यानं माती कापली की आतून भाजक्या मातीच्या मोठमोठ्या कड्या दिसायच्या, एकावर एक रचलेल्या. आम्हाला ते कुणाचे तरी पुरलेले रांजण वाटायचे. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. डॉ. भास्कर देवतारे त्याचे प्रमुख होते. तेव्हा कळलं की त्या कडीविहिरी आहेत आणि अशा विहिरी इथं एकदोन नाहीत, पुष्कळ आहेत. आणि त्याच खोदकामात भाजक्या विटांचा गोल पाया वर आला. बौद्ध स्तूप. उत्खनन करणाऱ्यांनी त्याचा काळ सांगितला तो इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक, म्हणजे मौर्यांचा.

ही बातमी आमच्या गावात आली तेव्हा माय अंगणात तुरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. 'म्हंजे आपण छप्पनले बौद्ध झालो, अन् गाव तं पयलेच होतं,' असं म्हणाली. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती लहान मुलगी होती. माझ्या आजोबांना त्या वेळी गावानं फार ऐकवलं होतं, नवा धर्म, परका धर्म, म्हणून. तिच्या त्या एका वाक्यात त्या सगळ्यांना उत्तर होतं. 2011च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांवर होती आणि त्यात साधारण सातातला एक माणूस बौद्ध होता. त्या सातव्या माणसासाठी भोनच्या विटा म्हणजे सातबारा आहे.

आणि ही जागा जिगाव धरण प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे.

इथं मला थांबून दुसरी बाजूही नीट सांगायला हवी, कारण ती बाजू माझीच आहे. पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते पाणी जमिनीला दिलं तर जमीन चिकट होऊन बसते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं रिकामी केली ते मी शिक्षिका म्हणून हजेरीपटावर पाहिलं आहे. 'बापाले डायलिसिसले नेलं' म्हणून गैरहजर राहणारी मुलं होती माझ्या वर्गात. नांदुरा तालुक्यात जिगावजवळ पूर्णेवर होणारं धरण बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांतल्या शेतांना पाणी देणार आहे. ते पाणी नको असं म्हणण्याची माझी छाती नाही, आणि तसं म्हणायचंही नाही. त्या कडीविहिरी पाहिल्या की मला वाटतं, खाऱ्या मुलखात गोडं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न स्तूप बांधणाऱ्यांनाही पडला असणार.

पाणीही हवं आणि स्तूपही हवा, हे एकाच तोंडानं बोलता येतं का, हे मला जपानमध्ये जाऊन समजलं. म्हणून हा लेख.

जपान आमच्या घरात आलं ते नागपूरच्या वाटेनं. वडील दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना इंदोऱ्याच्या विहारातल्या जपानी भन्तेजींच्या गोष्टी आणायचे. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई 1935 साली जपानमध्ये जन्मले, 1960च्या दशकात भारतात आले, नागपूरला पोचले आणि नागपूरचेच झाले. भारताचं नागरिकत्व घेतलं, हजारोंना दीक्षा दिली. त्यांच्याही आधी फुजी गुरुजी, म्हणजे निचिदात्सु फुजी, 1933 साली वर्ध्याला गांधीजींकडे आले होते. मुंबईत वरळीला 1956 साली उभा राहिलेला जपानी बौद्ध विहार त्यांच्याच निप्पोनझान म्योहोजी संघाचा. राजगीरला गृध्रकूटाशेजारच्या डोंगरावरचा पांढरा विश्वशांती स्तूप त्यांनीच उभारला, आणि ससाई भन्तेजींनी तिथं त्यांच्याबरोबर काम केलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस तर आता विदर्भातल्या शाळांच्या सहलींचं ठरलेलं ठिकाण आहे. ते 1999 साली झालं, जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं. इतकी जपानी माणसं आमच्याकडे चालत आली. त्यांच्याकडे आमच्यातलं कोण गेलं, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर पडला.

भाचा ओसाकाला नोकरीला आहे. त्यानं तिकीट काढलं. माय म्हणाली, 'कायले जातं एवढ्या दूर? भोनले कधी पायी गेली होती काय?' पोरपणानंतर मी गेले नव्हते. नदीच्या काठानं दोन तासांची वाट, आणि मोठी झाल्यापासून मी नेहमी मोटारसायकलच्या मागे बसून गेले होते. तिचा तो प्रश्न बॅगेत घालूनच मी निघाले.

शिकोकू हे जपानच्या चार मोठ्या बेटांमधलं सगळ्यात लहान बेट. त्याच्या कडेकडेनं अठ्ठ्याऐंशी विहारांची साखळी आहे. सगळी पायी करायची तर सुमारे बाराशे किलोमीटर चालावं लागतं आणि चाळीस-पन्नास दिवस लागतात. ही यात्रा आचार्य कूकाई यांच्या नावानं चालते. 774 साली याच बेटावर त्यांचा जन्म झाला, 804 साली समुद्र ओलांडून ते चीनला गेले, चांगआन नगरात प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकले आणि परत येऊन त्यांनी शिंगोन पंथ उभा केला. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. बेटाचे चार जुने प्रांत म्हणजे यात्रेचे चार टप्पे : मनात इच्छा जागी होणं, साधना, बोधी आणि निर्वाण. मी केला तो पहिल्या टप्प्याचाही एक तुकडा. तोकुशिमाच्या योशिनो नदीच्या खोऱ्यातले पहिले दहा विहार, मग अकरावा, आणि पुढे आगगाडीनं एकदम पंचाहत्तरावा. एवढ्यावर स्वतःला यात्रेकरू म्हणवून घ्यायला मन धजत नाही. तिथले लोक मात्र पहिल्या पावलापासून 'ओहेन्रो-सान' म्हणतात, आपल्याकडे दिंडीत पहिल्या दिवशी आलेल्यालाही 'माउली' म्हणतात तसं.

बांदो नावाच्या लहान स्टेशनापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की ऱ्योझेनजी येतं, साखळीतला पहिला विहार. 'ऱ्योझेन' म्हणजे गृध्रकूट. राजगीरचा तोच डोंगर. या विहाराला डोंगराचं म्हणून आणखी एक नाव आहे, जिकुवाझान. त्यातलं 'जिकु' म्हणजे भारत आणि 'वा' म्हणजे जपान. बाराशे किलोमीटरच्या वाटेच्या पहिल्याच पायरीवर माझ्या देशाचं नाव कोरलेलं होतं. मी कमान ओलांडताना वाकले तेव्हा डोळे भरून आले.

आत गेल्यावर डाव्या हाताला एक जुना लाकडी मनोरा आहे, दोन छपरांचा. त्याला ताहोतो म्हणतात. खालचं छप्पर चौकोनी, वरचंही चौकोनी, आणि दोन्हींच्या मध्ये चुन्यानं लिंपलेला एक पांढरा गोल फुगवटा. तिथल्या बोलीत त्याला कासवाचं पोट म्हणतात. मी त्या फुगवट्याकडे बघत उभी राहिले, कारण ते अंड मला ओळखीचं होतं. सांचीचं, पवनीचं, आमच्या भोनचं. आपल्याकडचा उघड्यावरचा मातीविटांचा घुमट जपानच्या पावसात गेला आणि त्याला छपरं आली, वरच्या छत्रावलीच्या नऊ धातूच्या कड्या झाल्या. शब्दाचंही तसंच झालं. स्तूपाचं 'सोतोबा' झालं. जपानी लोक कबरींमागे ज्या उंच लाकडी पट्ट्या उभ्या करतात त्यांना आजही तेच नाव आहे, आणि त्यांच्या वरच्या टोकाला सिद्धम् लिपीत संस्कृत अक्षरं लिहिलेली असतात. दानाचं 'दान्ना' झालं. भिक्षापात्राचं 'हाची' झालं. शब्द एवढे हजारो मैल चालून गेले आणि झिजले, पण पोचले.

विहारात शिरण्याची रीत ठरलेली आहे. दारात वाकायचं, हात-तोंड धुवायचं, घंटा आत जाताना वाजवायची, परत येताना नाही. एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, पट्टी, नाणं, आणि मग प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचं पठण. हे सगळं मुख्य सभागृहासमोर एकदा आणि दाइशींच्या दालनासमोर पुन्हा एकदा. शेवटी एका खिडकीशी वही द्यायची. आतला माणूस कुंचल्यानं काळ्या शाईत विहारातल्या बुद्धाचं वा बोधिसत्त्वाचं नाव लिहितो आणि वर लाल शिक्के उमटवतो. एका पानाचे 500 येन. पाच वाजता खिडकी बंद.

माझ्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या आहेत. त्या वाचत मी मोठी झाले. त्यामुळे शिंगोन पंथाचे होम, मंत्र, मुद्रा, नवस हे सगळं पाहताना मी अवघडले. काही विहारांत सरस्वती बेन्झाइतेन या नावानं बसलेली आहे, गणपती कांगितेन म्हणून पडद्याआड आहे. बाबासाहेबांनी जे मागे टाकायला सांगितलं ते जपाननं जपून ठेवलं आहे, असं पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ते वजन उतरवून ठेवलं. त्यांचं हृदयसूत्र संपेपर्यंत बाजूला हात जोडून उभी राहायचे, त्याच्या शेवटचा संस्कृत मंत्र चिनी-जपानी उच्चारांतूनही कानाला लागायचा, आणि मग मी माझं त्रिशरण-पंचशील पालीत म्हणायचे. तिसऱ्या विहारात एक म्हातारे गृहस्थ ते ऐकून थांबले, आणि मी संपवल्यावर त्यांनी मान लववली. त्यांना पाली येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं. शरण जाण्याचा सूर मात्र त्यांनी ओळखला होता.

यात्रेकरूच्या पांढऱ्या अंगरख्यावर आणि बांबूच्या टोपीवर चार अक्षरं असतात. त्यांचा अर्थ : दोघं मिळून चालतो आहोत. एकटा चालणाराही दोघांतला एक असतो, दुसरे दाइशी. हातातली काठी म्हणजे तेच. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय. माझं अर्धं आयुष्य शेगावच्या आसपास गेलं. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली ती शिस्तीची रांग मी दरवर्षी पाहत आले. आम्ही बौद्ध, त्या रांगेत आम्ही नव्हतो. पण रस्त्याच्या कडेला पाण्याची घागर घेऊन माय उभी राहायची. 'चालणाऱ्याले पाणी द्याव,' एवढंच तिचं तत्त्व. शिकोकूत याला ओसेत्ताइ म्हणतात. चौथ्या आणि पाचव्या विहारांच्या मधल्या उतारावर एका आजीबाईंनी मला हाक मारून दोन संत्री हातावर ठेवली. ते घ्यायचंच असतं, नाकारायचं नसतं, कारण देणारा तुमच्या पावलांतून स्वतःची यात्रा करत असतो. बदल्यात आपली नावाची पट्टी द्यायची. मी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि बोट ठेवून विचारलं. मी म्हटलं, 'भोन. इन्दो.' त्या 'बोन, बोन' म्हणत राहिल्या. त्यांच्या घरात आता भोनचं नाव आहे.

दहावा विहार किरिहाताजी. 333 पायऱ्या. माझ्या गुडघ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही. वरून योशिनोचं सगळं खोरं दिसतं आणि नदीपलीकडे, अकराव्या विहारामागे, चढत जाणारे काळे डोंगर. अकराव्याला जायचं तर नदी ओलांडावी लागते, आणि पायी जाणारे ज्या पुलांवरून जातात ते पूल मी जन्मात पाहिले नव्हते. पाण्याच्या पातळीपासून जेमतेम उंच, अरुंद, दोन्ही बाजूंना कठडाच नाही. पूर आला की बुडायचं, या हिशेबानंच ते बांधलेले आहेत. कठडा असता तर वाहून आलेली झाडं अडकून पूलच गेला असता. पाणी वरून जातं, ओसरतं, पूल तिथंच असतो. पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही असा नेम आहे, कारण एकदा दाइशींना मुक्कामाला जागा मिळाली नाही आणि ते पुलाखाली झोपले होते. ते अजूनही खाली झोपले असतील तर जाग येईल. मी काठी काखेत घेतली आणि चालत गेले. खाली योशिनोचं हिरवं पाणी. मनात पूर्णा. पुलाला बुडून परत वर येता येतं. मातीत बसवलेल्या तेवीसशे वर्षांच्या विटांना धरणाच्या गाळाखालून परत वर येता येणार नाही.

यानंतर मी पंचाहत्तराव्या विहाराला, झेन्त्सुजीला गेले. कूकाईंचं जन्मस्थान. पाचमजली मनोरा, अफाट कापूरवृक्ष. पण माझं मन रमलं ते तिथून दक्षिणेला थोड्या अंतरावरच्या मान्नोइके नावाच्या तलावावर. कागावा हा जपानमधला कमी पावसाचा मुलूख. नद्या आखूड, म्हणून लोकांनी शेतीसाठी दहा हजारांहून जास्त तळी खोदून ठेवली आहेत. मान्नोइके त्यांतलं सगळ्यात मोठं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं, 818 साली पुरानं बांध फुटला. दरबारानं अधिकारी पाठवला. काम पुढे सरकेना, माणसं मिळेनात. शेवटी 821 साली कूकाईंना धाडलं. ते याच मातीतले, लोक त्यांना आईबापासारखे मानत. ते येताहेत म्हटल्यावर माणसं आपणहून गोळा झाली आणि काही महिन्यांत बांध उभा राहिला. पाण्याचा रेटा सोसावा म्हणून त्यांनी बांधाला आतल्या बाजूला कमानीसारखा बाक दिला असं सांगतात. पुढे तो अनेकदा फुटला, पुन्हा बांधला गेला. आजही त्या तळ्याचं पाणी भातशेतीला जातं.

मी बांधावर बराच वेळ बसले. ज्या माणसाच्या नावानं अठ्ठ्याऐंशी विहारांची यात्रा चालते तो धरण बांधणारा माणूस होता. एका हातानं विहार, दुसऱ्या हातानं बांध. आमच्या जिल्ह्यात मात्र पाणी की स्तूप असा प्रश्न मांडून ठेवला आहे, आणि तो मांडणारे आपण किती कमी विचार करतो आहोत हे मला तिथं लख्ख दिसलं. खारपाणपट्ट्याच्या माणसाला गोडं पाणी देणं ही करुणाच आहे. त्या करुणेच्या पायात अशोककाळाचा स्तूप गाडावाच लागतो असा कुठलाही निसर्गनियम नाही. भोवती संरक्षक बांध घालता येतो का, वास्तू उचलून उंचावर नेता येते का, हे अभियंत्यांचे आणि पुरातत्त्वज्ञांचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं आपल्याच देशानं एकदा दिलेली आहेत. कृष्णेवर नागार्जुनसागर झालं तेव्हा नागार्जुनकोंड्याचं सगळं खोरं पाण्याखाली जाणार होतं. 1954 पासून तिथं मोठं उत्खनन झालं, निवडक वास्तू विटेविटेनं उचलून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभारल्या, आणि ती टेकडी आज बेट होऊन संग्रहालयासह उभी आहे. लोक बोटीनं जातात. गरीब देश होतो तेव्हा आपण. तरी केलं.

परतीच्या आधी भाच्यानं मला नाराजवळच्या होर्‍यूजीला नेलं. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी वास्तू तिथं आहेत. तिथल्या सुवर्णमंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास काढलेली चित्रं होती, आणि अभ्यासक त्यांचं नातं अजिंठ्याशी लावत आले आहेत. अजिंठा आम्हा बुलढाणेकरांना परका नाही; ज्या डोंगररांगेवर आमचं शहर वसलं आहे तिचंच नाव अजिंठा. आराई कानपो नावाचे जपानी चित्रकार 1917-18च्या हिवाळ्यात अजिंठ्याला राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. त्या प्रती टोकियोत 1923च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. याच कानपोंनी पुढे 1940 पासून होर्‍यूजीच्या चित्रांच्या प्रती काढण्याचं काम हाती घेतलं आणि 1945 साली, ते काम अपुरं असतानाच ते वारले. प्रतींचं काम पुढे चालू असताना, 26 जानेवारी 1949 च्या पहाटे सुवर्णमंडपाला आग लागली आणि मूळ चित्रं करपली.

26 जानेवारी. आमचा प्रजासत्ताक दिन नंतर एका वर्षानं आला. जपाननं त्या आगीनंतर दीड वर्षाच्या आत सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला, आणि आजही दर 26 जानेवारीला तिथल्या विहारांमध्ये आग विझवण्याचा सराव होतो, उंच पाण्याचे फवारे छपरांवर उडतात. करपलेल्या भिंतीसुद्धा त्यांनी फेकल्या नाहीत. वेगळ्या इमारतीत जपून ठेवल्या आहेत.

ज्या विहारात मी उभी होते त्याच्या परंपरेशी एका मराठी मुलखाचा आणखी एक धागा आहे. दोशो नावाचा जपानी भिक्षू 653 साली चीनला गेला आणि ह्युएनत्संगाचा शिष्य झाला. तोच ह्युएनत्संग, जो बारा-तेरा वर्षांआधीच महाराष्ट्रातून गेला होता आणि ज्यानं इथल्या माणसांचा मानी स्वभाव आणि अजिंठ्याशी जुळणारा डोंगरातला संघाराम लिहून ठेवला. दोशो जे शिकला ते त्यानं जपानला नेलं आणि तिथून होस्सो पंथ सुरू झाला. होर्‍यूजी कित्येक शतकं त्याच पंथात होतं. म्हणजे आमच्या मातीवर चाललेल्या पावलांपासून होर्‍यूजीपर्यंत मध्ये एकच माणूस.

एक गोष्ट सांगायची राहिली. यात्रा पुरी करू न शकणाऱ्यांसाठी जपानमध्ये एक सोय आहे, ओसुनाफुमी. अठ्ठ्याऐंशी विहारांच्या आवारातली माती लहान पिशव्यांत भरून ओळीनं मांडतात, आणि म्हातारी, आजारी माणसं तिच्यावर एकेक पाऊल ठेवत जातात. तेवढ्यानं यात्रा होते. जाताना मला भोनची चिमूटभर माती न्यायची होती. भाच्यानं फोनवर सांगितलं, 'मावशी, माती नको आणू, कायद्यानं बंदी आहे.' म्हणून मी फक्त नाव नेलं होतं. आणि येताना काय आणायचं ते मला कळलं होतं.

बुलढाण्याला आल्यावर आठवड्याभरात मी शेगावला उतरले आणि भोनपर्यंत चालत गेले. बरोबर माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या, आता त्याही शिक्षिका. पूर्णेच्या पुलावर आम्ही थोडा वेळ थांबलो. स्तूप वाचवा ही मागणी जिल्ह्यातल्या बौद्ध बायाबापड्यांनी आणि संघटनांनी लावून धरलेली आहे, निवेदनं दिली आहेत, आणि ती देत राहायला हवीत. पण निवेदनाच्या कागदाला पाय नसतात. शिकोकूचे विहार बाराशे वर्षं टिकले त्यात कायद्याचा वाटा अगदी अलीकडचा. त्याआधी त्यांना चालणाऱ्यांनी टिकवलं. जिथं दररोज कुणीतरी पोचतं, नाव लिहितं, प्रदक्षिणा घालतं, ती जागा नकाशावरून पुसणं अवघड जातं. स्तूप हा मुळात भोवती फिरण्यासाठीच बांधलेला असतो. त्याच्या आत शिरायचं दार नसतं.

आम्ही तिघी त्या जागेभोवती उजवी घालून फिरलो. वर विशेष काही दिसत नाही. खाली आहे हे माहीत असावं लागतं. मी शाळेतली शंभर पानी वही नेली होती. तिच्यात आम्ही तारीख, नाव, गाव लिहिलं. आता दर पौर्णिमेला कुणी ना कुणी जातं आणि वही बरोबर नेतं. खामगावचे, मेहकरचे, मलकापूरचे लोक आले आहेत. एक मुसलमान शेतकरी आले होते, त्यांची जमीन बुडितात जाते आहे. त्यांनी उर्दूत सही केली.

पहिल्या दिवशी परत फिरताना मी नदीकाठच्या पायवाटेवरची ओंजळभर माती रुमालात बांधून घेतली. स्तूपाच्या जागेची घेतली नाही, तिथलं ढेकूळही हलवू नये. माहेरी गेले. माय आता ऐंशीच्या पुढे आहे, खाटेवरून आधार देऊन उठवावं लागतं. मी पितळी परातीत माती पसरली, परात तिच्या पायांशी ठेवली आणि जपानची रीत सांगितली.

'पाय कसा लावू व याले?' ती म्हणाली.

तिनं आधी वाकून हात लावला, हात कपाळाला नेला. मग माझा खांदा धरून उभी राहिली, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला. डोळे मिटून ती पुटपुटत होती, पंचशील म्हणत असावी. मी तिला घट्ट धरलं होतं.

'ओली लागते व अजून,' ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.